चावीवालीचे ब्रेक

डोंगरावरच्या तलावातून गावाला पाणी आणणारी एक जाड लोखंडी पाइपलाइन होती. तिच्या कडेकडेनं एक अरुंद वाट खाली उतरत असे. त्या वाटेनं रोज वरून खाली येत जागोजागचे व्हॉल्व्ह पाहायचे, कुठे गळतंय का ते तपासायचं, हे काम ज्या बाईकडे होतं तिला सगळे चावीवाली म्हणत. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी ती पाठीला आडवी बांधायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई तलवार घेऊन लढाईला निघाल्यात. नवरा म्हणायचा, "शत्रू दिसला तर सांग गं, मी इथूनच ओरडतो."

ओरडण्यापलीकडे त्याला फारसं काही करता येत नव्हतं. आधी चावीवाला तोच होता. सकाळी पाणी खात्याचा टेम्पो मोठ्या रस्त्यानं वळसा घालून त्याला सायकलसकट तलावावर सोडायचा आणि तो लाइनबरोबर खाली यायचा. चालत यायचं तर दिवस मोडला असता आणि मोटरसायकल त्या वाटेवर मावत नव्हती, म्हणून खात्यानं डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या दोन सायकली घेतल्या होत्या. एका पावसाळी दुपारी उतारावर त्यानं ब्रेकची मूठ दाबली आणि ती सरळ हँडलला जाऊन टेकली. पुढे विचारलं की तो एवढंच सांगे, "कुणाचा तरी हात धरायला जावं आणि तो हात खांद्यातून निघून आपल्या हातात यावा, तसं झालं." खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. आता तो घरात कुबडीवर होता आणि त्याच्या जागी खात्यानं त्याच्या बायकोला घेतलं होतं.

सायकलही तीच दिली. चाक सरळ केलेलं, आणि ब्रेक कोठारातून काढलेले, पहिल्यासारखेच.

त्यांच्या दोन खोल्या डोंगराच्या पायथ्याशी एका रांगेतल्या घरांत होत्या. मागच्या भिंतीला लागूनच पाइपलाइन जात होती. रात्रंदिवस तिची घुमघुम चाले. पाहुण्यांना तिनं झोप यायची नाही. नवऱ्याला मात्र त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो भिंतीला पाठ लावून बसे आणि म्हणे, "आज दाब कमी आहे," आणि ते खरं निघे.

त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. एका उतारावर चावीवालीनं मूठ दाबली आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्त आत गेली. जराच. ती थांबली, पुन्हा दाबली. आता ठीक होती. पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवशी ती बाकीची वाट सायकल हातात धरून चालत उतरली. घरी पोचायला उशीर झाला, तर नवरा दारात उभा. कुबडी काखेत, चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"काही नाही. ब्रेक जरा मऊ लागला."

तो कुबडी टेकत आत वळला. जेवताना मात्र म्हणाला, "वायरचे घाल. वायर डोळ्यांनी दिसते. तुटत आली की कळते. या ब्रेकांतलं तेल नळीच्या आत बसून काय करतं, देवाला ठाऊक."

कोठारवाल्याकडे नवे ब्रेक मागून उपयोग नव्हता. तो म्हणाला, "लागतात ना? मग चालवा." शेवटी तिनं ठरवलं, आपले आपण घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी ती सायकल घेऊन बाजारातल्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही बाजूंना चाकं टांगलेली, जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. पण नवऱ्याची आणि त्याची जुनी ओळख होती.

"या वहिनी. तो कसा आहे?"

"बसलाय भिंतीला कान लावून. दादा, मला ब्रेक हवेत. आधी सांगते, मला त्यातलं कळत नाही, रोज पाना घेऊन बसायला वेळही नाही. मी त्यांच्याकडे लक्ष द्यायला विसरले तरी जे मला मारणार नाहीत, असे द्या."

मिस्त्री हसला नाही. "असे कुठलेच नसतात," तो म्हणाला. "पण काही जरा दयाळू असतात."

आधी त्यानं जुने ब्रेक खोलले. मागच्या नळीतलं तेल एका झाकणात काढलं. ते काळपट होतं, उकळून उकळून आटलेल्या चहासारखं. मिस्त्रीनं झाकण उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"हे मोटारीच्या ब्रेकमधल्यासारखं तेल आहे. ताकद चांगली देतं, पण हवेतला ओलावा पितं. लांब उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. मग मूठ रिकामी लागते. हे दरवर्षी बदलायला हवं होतं."

"बदललं नव्हतं?"

"कधीच नाही."

तिनं झाकणाकडे पाहिलं. असल्याच एवढ्याशा काळ्या पाण्यानं आपल्या घराचं काय करून ठेवलं, हा विचार तिनं तिथेच गिळला.

मिस्त्रीनं तीन खोकी काढून समोर ठेवली. पहिल्यात वायरचे डिस्क ब्रेक होते, चाकाच्या मधल्या चकतीला दोन पॅडनी चिमटा घेणारे. "हे त्याला आवडतील. वाटेत बिघडले तर साध्या पान्यानं जमतं. पण तुमच्या वाटेवर चिखल. चिखल वायरच्या नळीत शिरतो, वायर जड होते. पॅड झिजले की दर थोड्या दिवसांनी हातानं जवळ आणावे लागतात. एक दिवस राहून गेलं की मूठ खोल." दुसऱ्यात शर्यतीचे होते, हलके, देखणे, निळ्या रंगाचे. तिनं उचलून पाहिले. "यांवर नुसतं एक बोट ठेवून तुम्ही उभ्या भिंतीवरसुद्धा सायकल थांबवाल," मिस्त्री म्हणाला, "पण यात पुन्हा तेच तहानलेलं तेल." तिनं खोकं चटकन खाली ठेवलं, विंचू हातातून टाकावा तसं.

तिसरे ब्रेक दिसायला अगदी ओबडधोबड होते. काळे, जड, नाव घ्यावं असं काही नाही. त्यांत मिनरल ऑइल होतं, जे पाणी पीत नाही आणि वर्षानुवर्षं राहतं. पॅड झिजले तर ब्रेक आपोआप तेवढा पुढे सरकतो. मिस्त्री म्हणाला, "पॅड धातूचे घालू. मऊ पॅड गप्प असतात, पण ओल्या मातीत बिस्किटासारखे विरघळतात. धातूचे पावसात किंचाळतील, शेजारीपाजारी शिव्या देतील, पण टिकतील. आणि पुढची चकती मोठ्यातली मोठी बसेल ती. मोठी चकती लवकर थंड होते."

"आणि मी काय करायचं?"

"निघताना मूठ दाबून धरायची. आत आत जात राहिली तर उतारावर निघायचं नाही. चकतीला तेलाचा हात लावायचा नाही. अधूनमधून पॅड किती उरलेत ते डोकावून पाहायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उतारभर ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. जोरात दाबा, वेग कमी करा, सोडा. त्यांना श्वास घेऊ द्या."

दुकानासमोरच्या गल्लीत त्यानं तिच्याकडून सायकल वेगात नेऊन हळू करायचे वीसपंचवीस फेरे मारून घेतले. पॅड आणि चकती एकमेकांना घासून जुळल्याशिवाय नवा ब्रेक धरत नाही म्हणे. सुरुवातीला ब्रेक नुसते घसरत होते. मग हळूहळू पकड आली, आणि शेवटच्या फेरीला सायकल अशी जागच्या जागी खिळली की ती पुढे फेकलीच जायची.

घरी आल्यावर तिनं सायकल आत घेतली. नवऱ्यासमोर उभी केली. "दाबून बघा."

"तेलाचेच आणलेस."

"दाबून तर बघा."

त्यानं हात पुढे केला. मूठ दाबली आणि सोडलीच नाही. बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत धरून बसला.

"दगडासारखी आहे," तो म्हणाला. तिला जरा बरं वाटलं. मग तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी सकाळीही अशीच होती."

ब्रेक चांगले निघाले. पावसात ते खरोखरच किंचाळत, आणि त्या आवाजावरून नवऱ्याला ती कुठल्या वळणावर आहे ते कळे. पण आता तिचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. वाटेच्या मध्यावर एक उभा कडा होता. तिथे पाइप एका मोठ्या काँक्रीटच्या ठोकळ्यात धरलेला होता आणि शेजारी मधला व्हॉल्व्ह होता. त्या ठोकळ्याला केसाएवढी चीर पडलेली तिनं पाहिली. पुढच्या आठवड्यात त्या चिरेत तिचं नख गेलं. त्यानंतर बोट. वरच्या अंगाची झाडं सगळी एकाच बाजूला कलली होती, कुणी काही सांगतंय आणि सगळी कान देऊन ऐकतायत अशी. वाटेकडेचा जो झरा बारा महिने निवळशंख असायचा तो लाल वाहू लागला, आणि एक दिवस पाऊस चालू असताना अचानक बंद झाला.

त्याच संध्याकाळी नवरा भिंतीपासून उठून बसला. "लाइनचा आवाज बदललाय."

"दाब कमी आहे?"

"नाही. दाब तोच आहे. पण ती कण्हतेय."

तिनं खात्याच्या सुपरवायझरला सांगितलं. हा माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या टेबलावर अख्ख्या गावाच्या तक्रारी आदळत आणि त्याचं डोकं कायम दुखत असे. "बाई, कुठेतरी पाणी मुरतंय म्हणताय, ते आपल्या खात्यात नेहमीच मुरतं," तो म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून थांबला. "ठीक आहे. उद्या मी स्वतः येतो."

दुसऱ्या दिवशी टेम्पोनं दोघांना तलावावर सोडलं. सुपरवायझरनं कोठारातली दुसरी सायकल आणली होती. चावीवालीनं पुढे होऊन तिची मूठ दाबून धरली. मूठ सावकाश आत जात राहिली.

"साहेब, ही नको. चालत जाऊ."

"चालत? मला दुपारी बैठक आहे. सावकाश चालवतो, मग तर झालं?"

तो खरंच सावकाश चालवत होता. तेच वाईट होतं. घाबरून त्यानं दोन्ही ब्रेक पूर्ण वेळ धरून ठेवले होते आणि त्यांची बारीक कुईकुई तिच्यामागे अखंड येत होती. "साहेब, सोडत सोडत दाबा!" ती ओरडली. तो हो म्हणाला आणि तसाच धरून राहिला. ठोकळ्यापाशी पोचेपर्यंत त्याच्या सायकलला जळका वास येऊ लागला होता.

तिथे धुकं उतरलं होतं. सुपरवायझरनं सायकल ठेवली आणि तो चिरेपाशी वाकला. चिरेत आता त्याचा अख्खा हात जात होता. त्यानं हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"आत काहीतरी हललं," तो म्हणाला.

"माती असेल."

"बाई, खाली घरं आहेत."

"माझंही आहे."

मोबाइलला रेंज नव्हती. ती खालच्या वळणांपाशी मिळे. सुपरवायझरनं सायकल उचलली. ती पुन्हा म्हणाली, चालत जाऊ. तो म्हणाला, "चालत गेलो आणि तेवढ्यात काही झालं तर?" "मग माझ्यामागे या. लांबून या," तिनं सांगितलं, "आणि थोडं जरी मऊ लागलं तर डोंगराच्या अंगाला पडा. दरीकडे बघू सुद्धा नका."

ती पुढे निघाली. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. वेग वाढला की ती जोरात ब्रेक दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. मागून त्याची कुईकुई येत होती. जोवर ती ऐकू येत होती तोवर तिला धीर होता. मग एका वळणाच्या अलीकडे ती कुईकुई थांबली.

मागे नुसतं टायरचं खडखडणं राहिलं, आणि ते जवळ येत होतं.

त्याच क्षणी वळण आलं आणि वळणापलीकडे वाट नव्हती. धुकं होतं. पाइपलाइन त्या धुक्यात अधांतरी लोंबत होती, आणि तिच्या खालची जमीन कुणी चमच्यानं काढावी तशी निघून गेली होती. तिनं दोन्ही मुठी दाबल्या. ब्रेक किंचाळले. मागचं चाक उचललं, सायकल नाकावर उभी राहते की काय असं झालं आणि धाडकन खाली आली. पुढचं चाक काठाच्या अलीकडे होतं. त्याच्यासमोरून खडे घरंगळले, पण ते खाली पोचल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही.

सायकल टाकून ती मागे धावली. "डोंगराकडे! साहेब, पडा! पडा!"

धुक्यातून सुपरवायझर आला. दोन्ही मुठी हँडलला टेकवून तो नुसता बसला होता, तोंड उघडं, आवाज नाही. तिनं पाठीवरची चावी काढून दोन्ही हातांनी आडवी धरली आणि त्याला डोंगराच्या अंगाला रेटलं. तो चरात गेला, खांद्यावर आपटला, सायकल उडून दरीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. चावीच्या हिसक्यानं तीही पडली. उठून पाहिलं तर तो कण्हत होता. जिवंत होता. खांदा मात्र भलत्याच कोनात गेलेला.

"थांबला नाही," तो म्हणत होता, "थांबलाच नाही."

"हलू नका."

लोंबत्या पाइपच्या एका सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडू लागली होती. तो सांधा सुटला तर तलावाचं सगळं पाणी उघड्या मातीवर पडणार होतं, आणि ती माती पायथ्याच्या घरांवर. मधला व्हॉल्व्ह मागे, ठोकळ्याशेजारी. ती चावी घेऊन चढ चढू लागली. सायकल घेतली नाही. वर जायला ब्रेकचा काय उपयोग?

ठोकळा तिच्या डोळ्यांदेखत कलत होता. तिनं व्हॉल्व्हवर चावी बसवली आणि सगळं बळ लावून फिरवणार, तोच तिला नवऱ्याचं शिकवणं आठवलं. पाणी एकदम अडवलं तर ते उलटं लाथ मारतं आणि लाइन फुटते. चावी सावकाश फिरवायची, बाळाला थोपटावं तशी. वरून खडे येत होते. एक तिच्या पाठीत बसला. पायाखालची माती मऊ लागत होती, खाली कुणी कूस बदलत असावं तशी. आणि ती सावकाश चावी फिरवत राहिली. थोडी फिरव, थांब. थोडी फिरव, थांब. आयुष्यात एवढं हळू काम तिनं कधी केलं नव्हतं. शेवटी चावी अडली. पाइपातला आवाज विरत गेला आणि डोंगरावर अशी शांतता पसरली की तिला आपल्याच श्वासाची भीती वाटली.

ती शांतता खालीही पोचली. नवरा भिंतीला पाठ लावून बसला होता. घुमघुम थांबली तसा तो उठला. ही गोष्ट तिला नंतर शेजारणीनं सांगितली. कुबडीवर तो घराघरापुढे गेला, दारं ठोकली, आणि आतापर्यंत ज्याची थट्टा करायचा ते ओरडणं त्यानं खरंच केलं. "बाहेर पडा! लाइन बंद झालीय! बाहेर!" कुणी विचारलं, लाइन बंद झाली तर पळायचं कशाला, पाणी भरून ठेवू की. त्यानं त्या माणसाची कॉलर धरली. "माझी बायको उगाच चावी फिरवत नाही." सगळे निघाले. रांग रिकामी झाली. संध्याकाळी थोडी माती आली आणि शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

चावीवालीनं सुपरवायझरचा खांदा स्वतःच्या ओढणीनं बांधला आणि त्याला आधार देत वरच्या अंगानं तलावाच्या रस्त्यावर आणलं. तिथून टेम्पोनं दवाखान्यात. तिची सायकल काठावर तशीच राहिली.

चार दिवसांनी, भर दुपारी, पाऊस नसताना, डोंगराचं ते सगळं अंग खाली आलं. ठोकळा गेला, व्हॉल्व्ह गेला, सायकल गेली, आणि पायथ्याच्या घरांची रांग होती तिथे एक लाल उतार तयार झाला. आत कुणी नव्हतं. चावीवाली आणि तिचा नवरा तेव्हा नणंदेकडे होते. आवाज तिथवर आला. नवऱ्यानं हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आपलं घर."

सुपरवायझर खांद्यात सळई घालून परत कामावर आला. पहिल्याच दिवशी त्यानं कोठारातले ते जुने ब्रेक बाहेर काढायला लावले आणि चावीवालीला विचारलं, "कुठले घ्यायचे?" तिनं सांगितलं. कोठारवाला म्हणाला, ते दिसायला फार बोजड आहेत. सुपरवायझरनं मागणीचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

नवी लाइन डोंगराच्या दुसऱ्या अंगानं टाकली. वाट जास्त लांब आहे आणि उतार जास्त उभा. चावीवालीला नवी सायकल मिळाली, आणि तिच्या जोडीला दुसऱ्या खात्यातून बदलून आलेली एक बाई. पहिल्या दिवशी तलावावर उभ्या असताना त्या बाईनं खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही बाजू तरी पक्की आहे ना हो, ताई?"

"इंजिनिअर म्हणतात पक्की आहे."

"आणि तुम्ही?"

चावीवालीनं वरच्या झाडांकडे पाहिलं. झाडं सरळ उभी होती. निदान आज तरी.

"तू माझ्यामागे ये," ती म्हणाली, "लांबून ये."